मैनाआत्यानं वार बघितली

मैनाआत्या गेली आणि दहाव्याला हडपसरच्या आमच्या गल्लीत दोन गाड्यांमधनं दहा-बारा माणसं उतरली. सगळी शिकलेली. त्यात एक केस पिकलेले मोठे सर होते, आणि एक मुलगी होती ती दारातच रडायला लागली. शेजारीण हळूच विचारते, "एवढी मोठी माणसं मैनाबाईकडं कशी काय? ती तर उंदरं सांभाळायची ना?"

हो, उंदरंच सांभाळायची. पण कशी सांभाळायची आणि त्यातनं काय घडलं हे तिनं कुणाला धड सांगितलं नाही आणि कुणी धड विचारलं पण नाही. म्हणून हे सगळं पहिल्यापासनं.

मैनाआत्याचं माहेर लोणी काळभोर. तिची आई तुळजाबाई सुईण होती. लोणीतली किती माणसं तिच्या हातावर जन्माला आली ते तिलाच ठाऊक. पुढं दवाखाने झाले, तरी बायका म्हणायच्या, आधी तुळजाबाईला बोलवा, मग गाडी बोलवा. मैनाआत्या आठ-नऊ वर्षांची असल्यापासनं आईच्या मागं जायची. पाणी तापवायचं, फडकी पिळायची, कंदील धरायचा. सातवी झाली आणि शाळा सुटली. लग्न करून हडपसरला आली. नवरा कंपनीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग ओळखीतनं एका संशोधन संस्थेत काम लागलं, पिंजरे धुवायचं.

पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "अगं, उंदरांना एसी हाय. आणि आत जायचं तर आपणच अंग झाकायचं. टोपी, मास्क, पायाला पिशव्या. उंदराला आपली घाण लागू नये म्हणून." सगळी हसली. ती पण हसली.

पण हिला त्या उंदरांचा नाद लागला. पांढरी, काळी, करडी, हजार-बाराशे उंदरं होती. दोन वर्षांत पिंजरे धुण्यावरनं तिला वीण करायच्या खोलीत घेतलं. तिथलं मोठं काम सकाळचं. संध्याकाळी नर आणि मादी एका पिंजऱ्यात ठेवायचे, सकाळी मादीला उचलून बघायचं. मिलन झालं असलं तर मेणासारखं बारीक पांढरं बूच दिसतं. त्याला तिथं सगळे प्लग म्हणतात. प्लग दिसला की त्या दिवसापासनं पोटातल्या पिल्लांचे दिवस मोजायचे. ते बूच काही तासांत पडून जातं, म्हणून लवकर बघावं लागतं. ते कधी आत असतं, दिसत पण नाही. शिकलेली पोरं टॉर्च आणि बोथट सळई घेऊन बसायची. मैनाआत्या शेपटी धरून मादीला जाळीवर ठेवायची, एक नजर टाकायची आणि सांगायची, "हिला लागलाय. हिला नाय. ही उद्या."

तिथं प्रज्ञेश नावाचा एक पोरगा पीएचडी करायचा, बिबवेवाडीचा, जिभेला हाड नसलेला. त्यानं एकदा गुपचूप वीस माद्या तिच्याकडनं बघून घेतल्या आणि मग स्वतः तपासल्या. विसाच्या वीस बरोबर. त्या दिवसापासनं तो तिला "आमची सोनोग्राफी" म्हणायचा. हडपसरवरनं दोन बस बदलून ही सकाळी साडेसहाला तिथं हजर असायची, एक दिवस चुकली नाही.

मग प्रियदर्शनी आली. अमरावतीकडची. किडकिडीत, चष्मा, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. मोठे सर म्हणजे सुदर्शन सर, त्यांच्या हाताखाली ती पीएचडीला लागली. तिच्या उंदरांची वीण मैनाआत्याकडं दिली. पहिल्याच आठवड्यात मैनाआत्यानं तिला विचारलं, "ताई, ही उंदरं वेगळी म्हणजे काय वेगळी? दिसायला तर सारखीच हायत."

बाकीच्यांनी सांगितलं असतं की तुम्हाला नाही कळायचं. प्रियदर्शनी पिंजऱ्यापाशी स्टुलावर बसली.

"मावशी, तुम्ही बसनं येता ना? कंडक्टर एक घंटा मारतो तेव्हा काय होतं?"

"बस थांबती."

"आणि दोन मारल्या की?"

"सुटती."

"बस्स. पोटातलं पिल्लू आधी एकच पेशी असते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. प्रत्येक वेळी दोन होण्याआधी पेशी थांबते. आतला सगळा माल बरोबर दुप्पट झाला का ते बघते, आणि मग पुढं जाते. थांबवायला काही प्रोटीनं असतात, सोडायला काही असतात. माझं प्रोटीन दोन घंटा मारणारं आहे."

"आणि या उंदरांत?"

"प्रत्येकाला त्या प्रोटीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. यांच्यातली एक आपण काढून टाकली आहे. एकीवर त्यांचं भागतं. पण अशा आईबापाच्या चार पिल्लांत एखाद्याला एकही प्रत मिळत नाही. ते पिल्लू जन्मालाच येत नाही मावशी. पोटातच जातं. काऊन जातं, ते मला शोधायचं आहे."

मैनाआत्यानं जरा विचार केला. "म्हंजे त्याच्या बसला कंडक्टरच नाय."

"हो. आणि गंमत म्हणजे तरी बस सुटते! नऊ-दहा दिवस पिल्लू वाढतं. हृदय पण धडधडायला लागतं. आणि अकराव्या-बाराव्या दिवशी संपतं."

"मग त्याला कंडक्टर लागत नव्हता तर मेलं कशानं?"

"हेच तर," प्रियदर्शनी म्हणाली.

यातच साडेचार वर्षं गेली. काम असं चालायचं. मैनाआत्या प्लग बघून दिवस लिहून द्यायची. बरोबर त्या दिवशी प्रियदर्शनी त्या मादीचं पोट उघडायची. मटाराच्या शेंगेत दाणे असावेत तशी पिल्लं ओळीनं असायची. बाराव्या दिवशी उघडलं की काही दाण्यांच्या जागी नुसता काळपट डाग. दहाव्या दिवशी उघडलं की सगळी असायची, काही जरा बारकी एवढंच. ती बारकी पिल्लं घेऊन प्रियदर्शनी त्यांचं हृदय बघायची. सुदर्शन सरांचं ठाम मत होतं की दोष हृदयात असणार. मग हृदयाचे पातळ पातळ काप, रंग लावायचे, फोटो काढायचे. हजारो फोटो झाले. हृदयात काही सापडेना.

दसऱ्याच्या सुमाराला सरांनी तिला बोलावलं. मैनाआत्या तिथंच पिंजऱ्यांची यादी द्यायला गेली होती, म्हणून तिला ऐकू आलं.

सर म्हणाले, "प्रियदर्शनी, तुमचे फोटो फार सुंदर आहेत. कॅलेंडर काढा. संशोधन म्हणून मला त्यात काही दिसत नाही."

ती फोटोंची फाईल मिटायला लागली.

"मार्चअखेर ही उंदरांची ओळ बंद करायची. चाळीस पिंजरे अडलेत, जागा दुसऱ्या कामाला लागणार आहे. तोवर ही पिल्लं कशानं मरतात ते दाखवलंत तर ठेवू. नाहीतर तुम्हाला नवा विषय."

नवा विषय म्हणजे पहिल्यापासनं सगळं. आणि ओळ बंद करायची म्हणजे चाळीस पिंजऱ्यांतली सगळी उंदरं गॅसच्या पेटीत घालायची. ते काम कुणाचं? मैनाआत्याचंच. त्यांची पणजी-खापरपणजी तिनं हातानं वाढवलेली.

त्या दिवशी ती घरी आली, जेवली नाही. म्हणाली, "पोरीची पाच वर्षं आणि माझी उंदरं, दोन्ही एकाच पेटीत चाललीत."

आता खरी गोष्ट.

पिल्लं काढून झाली की प्रियदर्शनीच्या टेबलावर एक काचेचं भांडं उरायचं. त्यात टाकाऊ सगळं, पडदे, रक्त, आणि वार. वार म्हणजे नाळ जिथं आईला चिकटते तो गोळा, त्यातनंच पिल्लाला आईचं सगळं मिळतं. माणसाची वार थाळीएवढी असते. दहा दिवसांच्या उंदराच्या पिल्लाची वार मसुरीच्या दाण्याएवढी. पिल्लू काढलं की ती तोडून भांड्यात. ते भांडं पिवळ्या पिशवीत रिकामं करून धुवायचं काम मैनाआत्याचं.

आणि मैनाआत्या कुणाची पोर? तुळजाबाईचा एक नियम होता. मूल झालं, रडलं, घरचे पेढे आणायला पळाले, तरी तुळजाबाई उठायची नाही. वार पडली की ती पाण्यानं धुवायची, परातीत पालथी पसरायची, बोटानं कड न कड फिरवून बघायची. पुरी आली का, कुठं फाटलीय का, रंग कसा आहे. एखादा तुकडा आत राहिला तर बाई हातची जायची, म्हणून. वार बघितल्याशिवाय ती पुरू द्यायची नाही आणि चहाचा कप तोंडाला लावायची नाही. लहानपणी कंदील धरून मैनाआत्यानं हेच बघितलेलं.

म्हणून हिला पण सवय. भांडं पिशवीत ओतायच्या आधी ती थोडं पाणी घालायची, हलवायची आणि बघायची. पाच वर्षं रोज. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं. बऱ्याच वारा लाल, जाड असायच्या. त्यात दोन-तीन असायच्या पांढुरक्या, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. तिला वाटायचं, प्रियदर्शनीला हे माहीतच असणार, एवढी शिकलेली.

सरांचं ते बोलणं ऐकल्यावर चार दिवसांनी भांडं धुताना तिनं सहज विचारलं, "ताई, त्या फिक्या वारा कोणाच्या असत्यात?"

"कोणत्या फिक्या?"

"ह्या बगा की. नेहमीच असत्यात. चारात एखादी."

प्रियदर्शनी हातातलं टाकून आली. भांड्यात बघितलं. मग मैनाआत्याच्या तोंडाकडं बघितलं.

"मावशी, चारात एखादी? नक्की?"

"पाच वर्षं बघतीय."

"पाच वर्षं! आणि आत्ता सांगताय?"

"मला काय ठाऊक तुमी बघत नाय म्हणून! वार न बघता कोण टाकतं?"

प्रियदर्शनीला हसावं का रडावं कळेना. ती तशीच भांडं घेऊन सरांच्या खोलीत गेली, मागनं मैनाआत्या, आणि तमाशा बघायला प्रज्ञेश.

सरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला. "यातली कुठली वार कुठल्या पिल्लाची?"

दोघींनी भांड्यात बघितलं. सगळ्या एकाच भांड्यात, कसं सांगणार?

"म्हणजे पाच वर्षांचं निरीक्षण, आणि सगळं एका भांड्यात कालवलेलं," सर म्हणाले. "कोशिंबीर छान झाली आहे. आणि मैनाबाई, पिल्लू मेलं तर वार फिकी पडणारच. त्यात नवल काय?"

प्रज्ञेश हसला. "सर, सोनोग्राफीला प्रमोशन द्या, आता पॅथॉलॉजी."

मैनाआत्याला राग आला की ती हळू बोलायची. ती हळू म्हणाली, "सर, ह्या दहाव्या दिवसाच्या हायत. दहाव्या दिवशी सगळी पिल्लं जित्ती असत्यात, ताईच सांगतात. पिल्लू जित्तं हाय आणि वार आधीच गेलीय. आमची आई अशी वार बघितली की सांगायची, ह्या पोराला आत पोटभर मिळालं नाय."

सरांनी चष्मा परत घातला. "बरं. मोजून आणा. पिल्लू आणि वार जोडीनं. कुठली फिकी ते आधी लिहायचं, तपासणी मागनं. आधी तपासणी बघून मग फिकी म्हणायचं नाही."

लोकांना वाटेल हे टोचून बोलणं झालं. पण मैनाआत्या बाहेर येऊन म्हणाली, "मानूस वाकडं बोलतंय, पन रस्ता दावला."

दुसऱ्या दिवसापासनं चोवीस खळग्यांची प्लास्टिकची ताटली घेतली. वरच्या खळग्यात पिल्लू, त्याच्या बरोबर खालच्या खळग्यात त्याचीच वार. प्रियदर्शनी काढायची, मैनाआत्या वार धुऊन पालथी करायची, बघायची आणि वहीत लिहायची. चांगलीला टिंब, फिकीला गोल. पिल्लाचा एक कण घेऊन त्यात प्रोटीनच्या प्रती आहेत की नाहीत ही तपासणी प्रज्ञेशकडं, आणि त्याला मैनाआत्याची वही दाखवायची नाही असं ठरलं.

पहिल्याच दिवशी प्रियदर्शनीनं तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "मावशी, एकदा बघा तरी कुणाची वार बघताय."

मैनाआत्यानं डोळा लावला. नखाएवढं पण नाही असं ते पिल्लू, वाटाण्याच्या कोंबासारखं वाकलेलं, आणि मधे काहीतरी उडत होतं. टुक टुक, टुक टुक.

"ह्याचं काळीज हाय व्हय?"

"हो."

"आणि ह्याची वार?"

खालच्या खळग्यात होती. फिकी. मैनाआत्या बराच वेळ उठली नाही.

दिवाळीच्या आधी पाच माद्या झाल्या, अडतीस पिल्लं. मैनाआत्याच्या वहीत नऊ गोल आणि एकापुढं फुली. फुली म्हणजे, ही मला कळत नाही. प्रज्ञेश त्याचा कागद घेऊन आला आणि सरांच्या टेबलावर वहीशेजारी ठेवला. सरांनी बोट फिरवत एक एक जुळवलं.

दोन्ही प्रती नसलेली पिल्लं नऊ. नऊच्या नऊ गोलावर. फुलीवालं पिल्लू चांगलं निघालं.

प्रज्ञेशनं आपणहून मैनाआत्यापुढं वाकून नमस्कार केला. "मावशी, शब्द मागे."

"राहू दे तुझ्यापाशी," ती म्हणाली, "परत लागतील."

सर मात्र वहीकडंच बघत होते. मग म्हणाले, "उत्तम. आता मी तुमचा शत्रू आहे असं समजा. मी म्हणतो, हृदय अशक्त आहे, म्हणून वारेला रक्त कमी, म्हणून ती फिकी. उलटं कशावरून?"

मैनाआत्याला आधी वाटलं हा माणूस कुणाचं भलं होऊ द्यायचा नाही. पण प्रियदर्शनीचे डोळे चमकले. ती म्हणाली, "सर, पिल्लू हेच ठेवू आणि वार दुसऱ्याची देऊ. जगलं तर दोष वारेचा."

"करता येतं तुम्हाला?"

"नाही. शिकून येते."

आणि ती खरंच बंगळूरला जाऊन तीन आठवडे शिकून आली. मैनाआत्याला तिनं ते असं सांगितलं. निरोगी उंदराचं पिल्लू दोन पेशींचं असताना त्याला विजेचा बारीक झटका द्यायचा, दोन पेशी मिळून एक होते. असल्या पेशींतनं अंग बनत नाही, पण वार चांगली बनते. आपल्या ओळीचं पिल्लू आठ पेशींचं असतं, त्याच्यात दोष आहे का ते तेव्हा कळत नाही, ते असल्या दोघांच्या मधे चिकटवून ठेवायचं. पिल्लू आपलं, वार उसनी. मग ते दुसऱ्या मादीच्या पोटात सोडायचं.

"आणि ती मादी उसनी आई," मैनाआत्या म्हणाली.

तोवर वारेचे काप पण रंगवून झाले होते, आणि मैनाआत्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर पण मिळालं. पिल्लाच्या अंगातल्या पेशींना कंडक्टर नसला तरी दुसरं एक प्रोटीन त्याच्या जागी घंटा मारून वेळ निभावतं. पण वारेच्या कडेला राक्षसासारख्या मोठ्या पेशी असतात. त्या दोनाच्या चार होत नाहीत, आतल्या आतच माल दुप्पट, परत दुप्पट करत फुगतात, आणि आईच्या अंगात वाट काढतात. त्यांना दर वेळी हेच प्रोटीन लागतं, बदली चालत नाही. ते नाही तर त्या पेशी लहानच राहतात आणि वाट होत नाही.

"म्हंजे पोर उपाशी मेलं," मैनाआत्या म्हणाली. बाकी कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

उसनी आई निवडायचं काम तिचं. शांत पाहिजे, एकदा पिल्लं वाढवलेली पाहिजे, अंगानं भरलेली पाहिजे. नसबंदी केलेल्या नराबरोबर तिला ठेवायचं, म्हणजे तिच्या अंगाला वाटतं आपण गाभण. मैनाआत्या एका एका मादीला तळहातावर घेऊन बघायची. जी थरथरायची ती बाजूला.

जानेवारीत पहिल्यांदा सोडली. चार उसन्या आया. दहा दिवसांनी बघतात तर सगळी पोटं रिकामी. फेब्रुवारीत परत सोडली. परत रिकामी. प्रियदर्शनीनं स्वतःचे हात बघितले, म्हणाली, "माझ्याच हातात नाही मावशी. माझ्याच हातात नाही."

मैनाआत्या म्हणाली, "हातात असंल नसंल, पन त्यांच्या कानात काय जातंय ते बग की." कारण संस्थेच्या मागं नवी इमारत चालू होती. सकाळी आठला ड्रिल सुरू व्हायचं, भिंत थरथरायची. माणसाला सवय होते. पण तिनं बघितलं होतं, ड्रिल लागलं की उसन्या आया खाणं सोडून कोपऱ्यात एकावर एक बसायच्या.

आता ते मशीन थांबवणं अर्ज करून, सही घेऊन, वर पाठवून व्हायला जून उजाडला असता. आणि हातात मार्चचा महिना. तिसऱ्यांदा पिल्लं सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मैनाआत्या डोक्यावरची निळी टोपी तशीच ठेवून मागच्या साईटवर गेली. मुकादम होता वैजनाथ, नांदेडकडचा.

"दादा, हे मशीन जरा थांबवता का? ह्या भिंतीच्या आत गरोदर हायत."

वैजनाथनं हात वर केला. मशीन बंद. "अहो, मग आधी सांगायचं नाही का बाई! किती दिवस राहिलेत?"

"सोळा."

"दवाखाना आहे होय हा? आम्हाला वाटलं कॉलेज." त्यानं माणसांना ओरडून सांगितलं, "ए, तिकडचं प्लास्टरचं घ्या! या भिंतीला हात लावायचा नाही!"

मैनाआत्याला खोटं पचत नसे. ती चार पावलं गेली आणि परत आली. "दादा, उंदरं हायत."

"काय आहेत?"

"गरोदर हायत ती उंदरं हायत. चार जनी."

वैजनाथ तिच्याकडं बघत राहिला. मग इतका हसला की हेल्मेट काढावं लागलं. "बाई, वीस वर्षांत माझं काम पुढाऱ्यानं थांबवलं, पोलिसानं थांबवलं. उंदरानं पहिल्यांदाच!" मग डोळे पुसून म्हणाला, "पण शब्द गेला तो गेला. सोळा दिवस नाही लावत मशीन. गाभण ती गाभणच."

दहा दिवसांनी मैनाआत्यानं चौघींना उचललं. दोघींची पोटं भरलेली. तिनं प्रियदर्शनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीनं दिवस मोजून मोजून जीव दिला असता. फक्त पिंजऱ्यात जास्तीचा कापूस टाकला, घरटं करायला. प्रियदर्शनीनं कापूस बघितला आणि तिला सगळं कळलं.

मार्चच्या सव्वीस तारखेला सकाळी साडेसहाला मैनाआत्या खोलीत शिरली. पहिल्या पिंजऱ्यातनं बारीक आवाज. तिनं झाकण उचललं नाही, बाळंतिणीला त्रास नको. कडेनं वाकून बघितलं. कापसात गुलाबी काहीतरी वळवळत होतं. एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरीकडं तीन.

तिनं प्रियदर्शनीला फोन लावला. "ये."

"काय झालं मावशी? सांगा ना, काय झालं?"

"ये म्हनलं ना. केस नको विंचरू."

आठ पिल्लं. प्रत्येकाच्या शेपटीचा कण घेतला, पायाला शाईची खूण केली, आणि प्रज्ञेश तपासणीला पळाला. चार-पाच तास लागतात. त्या वेळात प्रियदर्शनी खोलीच्या बाहेर जमिनीवर बसून राहिली. कारण आठही निरोगी निघाली तर काहीच सिद्ध होत नाही, सगळं गेलं. मैनाआत्या आत बाहेर करत होती. पाणी बदललं, दाणे टाकले, उसनी आई पिल्लांवर बसती का बघितलं.

बाराच्या पुढं प्रज्ञेश जिन्यावरनं आला. लिफ्टला थांबला नव्हता. बोटं दाखवली. तीन.

"कोणती तीन?"

"पहिल्या पिंजऱ्यात दोन नंबर, पाच नंबर. दुसऱ्यात एक नंबर. दोन्ही प्रती नाहीत. झिरो. दोनदा रन केलंय मी, दोनदा!"

पाच वर्षांत त्यातलं एकही जन्माला आलं नव्हतं. आज तीन.

प्रियदर्शनीनं मैनाआत्याच्या गळ्यात हात टाकले आणि अशी ओरडली की पलीकडच्या खोलीतनं माणसं धावत आली. वैजनाथच्या साईटवरनं कुणीतरी विचारलं, झाली का? आणि खिडकीतनं प्रज्ञेश ओरडला, झाली, झाली, आठ! खाली टाळ्या वाजल्या, बांधकामावरच्या माणसांच्या.

सुदर्शन सर त्या खोलीत कितीतरी वर्षांत आले नव्हते. त्या दिवशी आले. टोपी तिरकी, पायातली एक पिशवी सुटलेली. मैनाआत्यानं दारातच अडवलं, "सर, पिशवी नीट घाला. आत बाळंतीण हाय." सरांनी निमूट वाकून पिशवी घातली.

पिंजऱ्यापाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मला पाच वर्षं वाटत होतं हृदय."

मग प्रियदर्शनीकडं वळले.

"प्रियदर्शनी, ही ओळ बंद होणार नाही. आणखी जागा लागली तर माझे पिंजरे घ्या. लेख लिहायला बसा, आणि त्यात पहिलं निरीक्षण कुणाचं ते नावानिशी लिहा. पूर्ण नाव." मग मैनाआत्याकडं वळून, अगदी सहज माणूस विचारतो तसं विचारलं, "मैनाबाई, तुम्हाला काय वाटतं? आज आहेत. उद्या राहतील?"

मैनाआत्यानं दोन नंबरचं पिल्लू हातमोज्याच्या तळव्यावर घेतलं. शेंगदाण्यापेक्षा जरासं मोठं, कातडी इतकी पातळ की आतलं दिसतं. तिनं ते उजेडाकडं धरलं. डाव्या कुशीत, कातडीच्या आत, पांढरा शुभ्र ठिपका होता.

"हे बगा सर. हे दूध हाय. पोटभर प्यालंय," ती म्हणाली. "आता ते त्याचं बगून घेईल."